एडीएचडीवालं मूल, घरात एकच पालक आणि मे महिन्याची सुट्टी: नाशिककर आईबापांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी मी कोण ते सांगतो. अंबडला कंपनीत कामाला आहे, सिडकोत राहतो, घरी मी आणि माझी नऊ वर्षांची लेक. घरातलं नाव ठकू. तिची आई आणि मी वेगळे झालोय, ती पुण्याला असते, भांडण वगैरे आता काही नाही पण रोजचं सगळं माझ्याकडेच. ठकूचं एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जातं त्याचं, निदान सातव्या वर्षी झालं. मी डॉक्टर नाही, गोळ्यांचा डोस कोणाला सांगत नाही. पण एप्रिल संपत आला की ओळखीतले, ओळखीच्यांच्या ओळखीतले आईबाप फोन करतात आणि तेच तेच विचारतात, दर वेळी पाऊण तास बोलण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलं.

शाळा असताना बरं चाललेलं असतं, मग सुट्टी लागली की आठवड्यात सगळं का विस्कटतं?

कारण शाळा आपल्या नकळत खूप काम करत असते. घंटा, डब्याची सुट्टी, रिक्षावाल्या काकांचा हॉर्न, सगळं ठरलेलं. या मुलांना वेळ आतून मोजता येत नाही, एका गोष्टीवरून उठून दुसरीकडे जाणं अवघड जातं, आणि 'आता काय करायचं' हे स्वतः ठरवणं तर सगळ्यात अवघड. शाळेत ते बाहेरून कोणीतरी ठरवून देतं. सुट्टीत ते सगळं एकदम काढून घेतलं जातं, आणि आपण म्हणतो आता मोकळी आहेस, खेळ. ती मोकळीकच तिला झेपत नाही. त्यात झोप पुढे पुढे सरकते, जेवण कधीही, आणि चौथ्या दिवशी पोरगी सोफ्याच्या पाठीवरून उड्या मारत असते आणि आपण डोकं धरून बसलेलो असतो.

मग सुट्टीचं टाइमटेबल बनवायचं का?

मी बनवलं होतं. पहिल्या वर्षी, कार्डशीटवर, स्केचपेनने, अर्ध्या अर्ध्या तासाचं. सोमवारी लावलं, बुधवारी त्याचं विमान झालं. खरं सांगायचं तर ते मीच पाळू शकलो नाही, तिचं काय घेऊन बसलात.

आता आमच्याकडे तीन खुंट्या आहेत. खरोखरच्या, दारामागच्या भिंतीत ठोकलेले तीन खिळे. पहिल्यावर नाश्ता आणि गोळीचं कार्ड, दुसऱ्यावर बुटांचं चित्र म्हणजे बाहेर जायचं, तिसऱ्यावर चंद्र म्हणजे दिवा बंद. झालं की तिनेच कार्ड उलटं करायचं. नाश्ता साडेआठ, बाहेर साडेपाच, दिवा साडेनऊ. या तीन वेळा पाहुणे येवोत की लाइट जावो, हलत नाहीत. मधल्या वेळात काय होतं याची मी फार चौकशी करत नाही. ती पाटावर बसून तीन तास पेनच्या रिफिली उघडते, चालतंय. एकट्या माणसाला दिवसात तीन गोष्टी धरून ठेवता येतात, तेरा नाही, त्यामुळे तुमच्या घराला ज्या झेपतील त्याच तीन निवडा. माझ्या एका ओळखीच्या ताईंची दुसरी खुंटी आंघोळ आहे कारण त्यांच्याकडे युद्ध तिथेच होतं.

'पाच मिनिटांत ये' सांगितलं तर अर्धा तास येत नाही. मुद्दाम करते का?

नाही हो. पाच मिनिटं म्हणजे काय हेच तिला कळत नाही. घड्याळ बघता येतं, पण वेळ गेलेली जाणवत नाही. आमच्याकडे कुकरच्या शिट्ट्या चालतात. संध्याकाळी डाळ लावली की सांगतो, तिसरी शिट्टी झाली की रंग गोळा करायचे. शिट्टी ऐकू येते, मोजता येते आणि मुख्य म्हणजे ती मी वाजवत नसतो त्यामुळे माझ्याशी भांडता येत नाही. आता खाली खेळायला निघताना विचारते, "बाबा, किती शिट्ट्या?"

एकदा कुकरची रिंग गेली होती, शिट्टी काही होईना, मी फोनवर. डाळ करपली आणि ही बाई पाऊण तास पुस्तक घेऊन बसून. का तर शिट्टी झालीच नाही. म्हणजे बघा.

कुकर नसेल तेव्हा वाळूचं घड्याळ किंवा ओव्हनचा टायमर चालतो, फक्त दिसणारा किंवा ऐकू येणारा पाहिजे. आणि एका वेळी एकच सूचना. "बूट काढ, हात धू, डबा सिंकमध्ये ठेव आणि मग ये" यातलं तिला फक्त शेवटचं ऐकू येतं.

ड्युटीवर जायचं असतं, दिवसभर मुलाला ठेवायचं कुठे?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच. बाकीचे प्रश्न घरी कोणी असेल तर आहेत.

मी सुट्टीचे आठवडे मोजून वाटून टाकतो. आमची सुट्टी मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे साधारण सहा आठवडे. तीन आठवडे माझी आई सिन्नरहून येते. दोन आठवडे ठकू पुण्याला आईकडे. राहिला एक, तो शेजारच्या काकूंकडे, आणि त्यांना मी पैसे देतो, फुकट नाही. फुकटात ठेवलेल्या मुलाबद्दल तक्रारही करता येत नाही त्यांना आणि मलाही काही सांगता येत नाही. पैसे दिले की दोघंही मोकळेपणी बोलतात.

शिफ्टचं म्हणाल तर मी या सहा आठवड्यांत फर्स्ट मागून घेतो, सात ते साडेतीन. त्या बदल्यात ज्याच्याशी शिफ्ट बदलली त्याला दिवाळीतल्या माझ्या सुट्ट्या देतो. हे मार्चमध्येच बोलून ठेवावं लागतं, एप्रिलमध्ये सगळ्यांचीच गावाकडची लग्नं असतात. साहेबांना एडीएचडी समजावत बसलो नाही, मुलीची औषधाची वेळ असते एवढं पुरलं.

ज्यांच्याकडे आजीही नाही आणि काकूही नाहीत त्यांना माझ्याकडे सोपं उत्तर नाही. अशाच दोन घरांनी मिळून एक सुट्टी तुझी एक माझी असं केलेलं मी पाहिलंय, जमलं होतं.

समर कॅम्पला घालू का?

घाला, पण आधी बघून या. आम्हाला एका ठिकाणाहून तिसऱ्या दिवशी फोन आला, "तुमच्या मुलीला घेऊन जा, बाकीच्यांना डिस्टर्ब करते." फी परत नाही. राग तर आलाच पण जाऊन बघितलं तेव्हा कळलं, चाळीस पोरं आणि फेव्हिकॉलच्या दोन बाटल्या. प्रत्येकाने पाळी येईपर्यंत हाताची घडी घालून बसायचं. अहो, एडीएचडीवाल्या मुलाला तुम्ही नेमकं तेच सांगताय जे त्याला येत नाही.

तेव्हापासून मी विचारतो: बॅचमध्ये किती मुलं, ताई किती, आणि मधल्या वेळात मुलं काय करतात. 'मधल्या वेळात' या प्रश्नाला जे गडबडतात तिथे नको. अंग हलवायचं काम असलेले वर्ग बरे, पोहणं, स्केटिंग, ज्युडो, मल्लखांब. महापालिकेच्या सावरकर तलावासारख्या ठिकाणी बॅच लवकर भरतात, चौकशी आधीच करा.

एडीएचडी आहे हे सांगायचं का? मी सांगतो. पण नाव सांगून थांबत नाही, नाव ऐकून लोक घाबरतात. सांगतो की लांबून हाक मारलेली तिला कळत नाही, जवळ जाऊन नाव घेऊन सांगा, आणि वस्तू वाटायचं काम तिला द्या. वाटायचं काम दिलं की ठकू सोनं आहे.

गोळी सुट्टीत बंद केली तर चालते का? शाळाच नाही तर कशाला?

हा प्रश्न डॉक्टरांनाच, आणि सुट्टी लागायच्या आधी. औषधाऔषधात फरक आहे म्हणून सांगतो. मिथाइलफेनिडेटची साधी गोळी काही तासांपुरती काम करते, त्यामुळे काही मुलांना डॉक्टर स्वतः सुट्टीत गॅप देतात, भूक आणि वजन सावरावं म्हणून. अॅटोमॉक्सेटिनचं तसं नाही, त्याचा परिणाम दिसायलाच काही आठवडे लागतात, ते मनाने मध्येच थांबवून पुन्हा सुरू करण्यात अर्थ नसतो. आणि गोळी फक्त अभ्यासासाठी असते हाही गैरसमज. रस्त्यावर न बघता पळणारं मूल सुट्टीतही रस्त्यावर पळतंच. आमच्या डॉक्टरांनी पहिल्या वर्षी गॅप दिला, दुसऱ्या वर्षी नाही, आणि दोन्ही वेळा कारण समजावून सांगितलं.

गावाला जाणार असाल तर आणखी एक. मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत येतं, प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही, चिठ्ठीशिवाय तर नाहीच. मामाच्या गावाला जाऊन स्ट्रिप संपली तर तालुक्याला पळूनही हाती काही लागणार नाही. मोजून सोबत घ्या, डॉक्टरांची चिठ्ठी घ्या, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. घरी वरच्या कपाटात, कुलपात.

गोळीने दुपारची भूक मरते. म्हणून आमच्याकडे नाश्ता गोळीच्या आधी आणि भरपूर. थालीपीठ, लोणी, अंडं, काय खाईल ते. दुपारी दोन घास खाल्ले तरी मी मागे लागत नाही. रात्री नऊला तिला कडकडून भूक लागते तेव्हा वरणभात तयार असतो.

साखर, आंबे, रसना बंद केलं तर शांत होईल का?

नाही. यावर नीट प्रयोग झालेत, १९९५ साली ते सगळे एकत्र करून तपासले गेले आणि साखरेने मुलांचं वागणं बिघडतं असं काही निघालं नाही. दातांसाठी कमी करा. आमरस खाऊ द्या.

मोबाइल किती द्यायचा? तोच एक शांत बसवतो.

मला इथे साधुसंत बनायचं नाही. फर्स्ट शिफ्ट करून आलो की चार ते पाच मी आडवा असतो आणि ती टीव्ही बघते, त्याशिवाय साडेपाचला बुटांचं कार्ड उलटंच होणार नाही. प्रश्न देण्याचा नाही, परत घेण्याचा आहे. पटापट बदलणाऱ्या गोष्टींना यांचा मेंदू चिकटतो, त्यातही छोट्या रील्स सगळ्यात वाईट कारण त्या संपतच नाहीत. म्हणून आमच्याकडे मिनिटं नाहीत, एपिसोड. दोन एपिसोड, दुसऱ्याची शेवटची पाटी लागली की रिमोट आजीकडे. आयपीएल असेल तर ओव्हर मोजायच्या. मध्येच हिसकावून घेतलात तर पुढचा एक तास गेला समजा.

आणि बंद झाल्यावर लगेच हातात काहीतरी द्या. कलिंगड, सायकलची किल्ली, काहीही. हात रिकामे राहिले की भांडण.

"बाबा कंटाळा आला" दिवसातून पन्नास वेळा. काय करू?

कंटाळा येऊ द्या असं सगळे सांगतात, त्यांच्या घरी असं मूल नसतं. या मुलांचा कंटाळा अंगात येतो, पाय झाडले जातात, नखं कुरतडली जातात.

मला याचं उत्तर गच्चीवर सापडलं, तेही योगायोगाने. काकूंनी कुरडया घातल्या होत्या. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून, पहाटे पाचला तो शिजवायला घेतला. ठकू आवाजाने उठली आणि वर गेली. मी म्हटलं झालं आता, सगळा चीक सांडणार. काकूंनी तिच्या हातात सोऱ्या दिला. गरम चीक, जोर लावून दांडी फिरवायची, खाली साडीवर गोल पडतोय, लगेच दिसतंय, लगेच पुढची. ती पोरगी दीड तास हलली नाही! गणिताच्या वहीवर सात मिनिटं न टिकणारी. कुरडया काही गोल, काही आफ्रिकेच्या नकाशासारख्या. मग एकदम उठली, सोऱ्या तसाच टाकून मांजरामागे पळाली, परत आलीच नाही. काकू काही बोलल्या नाहीत. वाटीत मीठ-तेल घालून चीक ठेवला होता तिच्यासाठी.

तेव्हापासून मी अशीच कामं शोधतो: जोर लागणारं, लगेच काहीतरी दिसणारं, आणि अर्धवट सोडलं तरी नुकसान न होणारं. सांडगे तोडणं, पायपुसणी आपटणं, गाडी धुणं, पिठाचा डबा गिरणीतून आणणं, पंख्याची पाती पुसायला स्टुलावर उभं राहणं (स्टूल मी धरतो). अर्धवट राहिलं तर ओरडायचं नाही हे मात्र आधीच स्वतःला सांगून ठेवावं लागतं.

नाशिकमध्ये न्यायचं कुठे? उन्हात तर बाहेर पडवत नाही.

पारा चाळीशीला टेकतो त्यामुळे बारा ते पाच घरातच. पण आपल्याकडे सकाळ आणि रात्र अजून बऱ्या असतात, तेवढं तरी नशीब.

माझ्या सुट्टीच्या दिवशी सहाला पांडवलेणीच्या पायऱ्या. ती मोजते, दर वेळी आकडा वेगळा येतो आणि दर वेळी ती म्हणते मागच्या वेळी तूच चुकलास. दमून खाली येते आणि तो दिवस शांत जातो. संध्याकाळी अनंत कान्हेरे मैदान, म्हणजे आपला गोल्फ क्लब, किंवा कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक. सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात, १८४० पासूनची संस्था आहे ती, आम्ही वीस मिनिटांच्या वर थांबत नाही. एक पुस्तक घ्यायचं, निघायचं.

गंगापूर धरण, सोमेश्वर, रामकुंड, इथे एकट्याने नेताना सांभाळून. मनात आलं की पाय उचलला असं हे मूल, पाणी दिसलं की उतरणार. मी रामकुंडावर गर्दीच्या दिवशी नेतच नाही. २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांनी रस्तेही जागोजागी उकरलेले असतात. कुठेही गर्दीत जायचं तर तिच्या मनगटावर आतल्या बाजूला पेनने माझा नंबर लिहितो. कंपनीतले हसतात. हसू दे.

नातेवाईक म्हणतात बाप एकटा आहे म्हणून मुलगी वाया गेली. काय उत्तर द्यायचं?

एडीएचडी बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे, जुळ्यांवरच्या अभ्यासांत हा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात येतो. उंचीसारखं. घटस्फोटाने होत नाही, लाडाने होत नाही, आई नसल्याने होत नाही. मी स्वतः आठवड्यातून दोनदा डबा कंपनीत विसरतो आणि गाडीची किल्ली गाडीलाच, तेव्हा कुठून आलं ते सांगायला नको.

मुलींचं आणखी वेगळं. बऱ्याच मुली नुसत्याच स्वतःत हरवलेल्या असतात, कोणाला त्रास नाही म्हणून लक्षातही येत नाहीत. आणि ठकूसारखी धडपडी असेल तर "मुलीच्या जातीला शोभत नाही". लग्नाच्या पंगतीत एका आत्याबाईंनी हे तिच्यासमोर म्हटलं. मी ताटावरून उठलो नाही पण म्हटलं, आत्या, तिला ऐकू येतं. बास. टक्केवारी पंगतीत सांगून उपयोग नसतो, ती तुमच्यासाठी, रात्री झोप येत नाही तेव्हा.

दुसऱ्या पालकाकडे पाठवताना काय सांगायचं?

कमी सांगायचं. पहिल्या वर्षी मी तिच्या आईला चार पानं लिहून दिली, तिला ती परीक्षेसारखी वाटली, साहजिक आहे. आता एक चिठ्ठी: गोळी कधी, झोप कधी, टीव्ही बंद करायच्या आधी दोनदा सांगणं, आणि नवीन काय आवडतंय. तीन कार्डं सोबत जातात, खिळे तिकडेही ठोकलेत. बाकी तिकडचे नियम तिकडचे. तिकडे रात्री अकराला आइस्क्रीम मिळतं, मिळू दे.

एसटीने नेत असाल तर खिडकी द्या आणि नारायणगावला उतरून पाय मोकळे करा. परत आल्यावर पहिले दोन दिवस वाईट जातात. रडणं, उलट बोलणं, "मला आईकडेच राहायचंय." ते तुमच्याविरुद्ध नसतं, एका घरातून दुसऱ्या घरात गिअर टाकायला तिला वेळ लागतो. त्या दोन दिवसांत पाहुणे, लग्न, केस कापणं काही ठेवू नका.

आम्हाला आत्ताच शंका येतेय. सुट्टीत तपासून घेऊ का?

घ्या, पण एक काम एप्रिलमध्येच करा. याची रक्ततपासणी नसते, स्कॅनही नसतो. मानसोपचारतज्ज्ञ किंवा विकासाचे बालरोगतज्ज्ञ बघतात की लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून आहेत का, सहा महिने तरी टिकलीत का, आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसतात का, म्हणजे घरीही आणि शाळेतही. शाळेतलं बाईंनाच माहीत. फॉर्म बाईंकडून भरून घ्यायचा असतो आणि मेमध्ये बाई त्यांच्या माहेरी. आमचा एक महिना असाच गेला.

सर्टिफिकेट, सवलत वगैरे मिळते का?

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात एडीएचडी वेगळं नाही. अध्ययन अक्षमता आहे. मुलाला वाचण्या-लिहिण्यातही खूप अडचण असेल तर त्याची वेगळी तपासणी मागा, दोन्ही एकत्र असणं कॉमन आहे.

मी चिडतो, ओरडतो. एकदा हातही उचलला. मी वाईट बाप आहे का?

हे फोनवर शेवटी विचारतात, ठेवता ठेवता. मी पण उचललाय, एकदा, मागच्या मेमध्ये, तिने शेगडीवरचं दूध पाडलं तेव्हा. दुधाचं काही नव्हतं, मी सलग अकरा दिवस सुट्टी न घेता होतो. रात्री तिला सांगितलं की बाबा चुकला, मारायला नको होतं. ती म्हणाली, "तुझी पण गोळी असते का?"

चिडायच्या आधी मी आता बाथरूममध्ये जाऊन नळ सोडतो, आईला हाक मारून सांगतो की दहा मिनिटं तू बघ. आई नसेल तर ठकूला गॅलरीत पाण्याची बाटली देऊन झाडांना घालायला लावतो. अगदीच कोणी नसेल, रात्र खायला उठली असेल, तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लावा, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. मी एकदा लावलाय. पलीकडच्या ताईंनी सल्ला फारसा दिला नाही, ऐकून घेतलं, मग विचारलं तुम्ही आज जेवलात का. नव्हतो जेवलो.

शाळा सुरू व्हायच्या आधी काय?

जूनच्या पहिल्या आठवड्यापासून उठायची वेळ रोज पंधरा मिनिटं अलीकडे आणा, शेवटच्या दोन दिवसांत होत नाही ते. दप्तर, बूट एकदा घालून बघा, आमचे पाय दर वर्षी मोठे झालेले असतात आणि ते पंधरा जूनच्या सकाळीच कळतं. नव्या बाईंना पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भेटा. गोळीत गॅप असेल तर पुन्हा कधी सुरू करायची ते डॉक्टरांना विचारून ठेवा. आणि कुकरची रिंग बदलून घ्या.